तूप नको म्हणणाऱ्या मुलाला काय रांधावे?

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. कोरडवाहू शेती आहे, दारात एक गवळाऊ गाय आहे. मोठा मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. घरून काम करण्याची परवानगी मिळाल्यामुळे तो सहा महिन्यांपासून गावी आला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने दूध, दही, ताक, तूप आणि मध हे सगळे सोडले. तो स्वतःला व्हीगन म्हणवतो. गावात आपल्या जोगते काही मिळत नाही म्हणून बदामाचे दूध आणि सोयाबीनचे पनीर कुरिअरने मागवतो, नाहीतर नुसती पोळी-भाजी खाऊन उठतो. मागच्या महिन्यात मला राहवले नाही आणि मी त्याच्या वरणात चमचाभर तूप घातले. वासावरून त्याला ते कळले आणि तो ताटावरून उठला. आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता पोळा तोंडावर आला आहे. मी याला काय करून घालू, आणि दुधाशिवाय याची तब्येत कशी राहील? – एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात प्रश्न स्वयंपाकाचा आहे, पण दुखणे त्या एका चमचाभर तुपाचे आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. आपण ते तूप मायेने घातले याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि आज ना उद्या मुलालाही ते उमगेल. तरीही ते चुकलेच. आईने वाढलेले ताट माणूस न बघता, न विचारता खातो. तो भरवसा एकदा गेला की मुलगा प्रत्येक घास हुंगून खाऊ लागतो आणि मग त्याला पाकिटातलेच अन्न खात्रीचे वाटते, कारण आत काय आहे ते पाकिटावर छापलेले असते. आपण त्याला एकदा स्पष्ट सांगावे की पुन्हा असे होणार नाही. त्याच्या वरणाचे पातेले वेगळे ठेवायचीही गरज नाही. सगळ्यांचे वरण एकच करावे आणि तूप ज्याला हवे त्याने आपापल्या ताटात घ्यावे. एवढ्याने घरातले निम्मे अवघडलेपण निवळेल, असा माझा अनुभव आहे.

त्याचे कारण पटो वा न पटो, त्यावर जेवताना वाद घालू नये. दारातल्या गाईचे दूध मुलाने नाकारले याचे आपल्याला वाईट वाटणे साहजिक आहे. पण त्याने नाकारले आहे ते दूध. आपल्या हातची चव त्याने नाकारलेली नाही, आणि नेमके हेच सध्या आपण दोघेही विसरला आहात. तो पुण्याहून येताना 'व्हीगन म्हणजे बदामाचे दूध आणि सोयाबीनचे पनीर' अशी समजूत घेऊन आला आहे आणि आपणही ती खरी मानली आहे. मला या पत्रातून मुख्यतः हेच सांगायचे आहे की दुधाच्या पदार्थाची नक्कल शोधू नये; ज्या पदार्थात दूध कधी नव्हतेच, ते पदार्थ शोधावेत. आपल्या वऱ्हाडात आणि वर्धा-नागपूरकडे असे पदार्थ इतके आहेत की ते मोजायला बसल्यावर आपल्यालाच नवल वाटेल.

व्हीगन हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये तयार झाला, पण ज्वारीची भाकर, चून (म्हणजे पिठले) आणि कांदा हे जेवण आपल्या शेतांच्या धुऱ्यांवर त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. झुणका, डाळकांदा, पाटोडीचा रस्सा, मुंगवडीची भाजी, भरीत, अंबाडीची भाजी, सांबारवडी (कोथिंबिरीची वडी), वरणफळे, ठेचा, जवसाची चटणी, यांतल्या एकाही पदार्थात मुळात दूध किंवा तूप नाही. आपण वरून घालतो तेवढेच. उकडपेंडीत काही घरी ताक घालतात, त्याऐवजी लिंबू पिळावे. कढीच्या जागी चिंचवणी करावी. आपल्याकडे ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतेच. वर्षभर करायला हरकत काय आहे?

आता तुपाच्या धारेविषयी. जेवणाऱ्याच्या ताटात शेवटी वरून काहीतरी घालावे, ही प्रत्येक आईची सवय असते आणि ती हिरावली गेल्यासारखे आपल्याला वाटत असावे. परंतु विदर्भाच्या स्वयंपाकात वरून तेल घालण्याची रीत तितकीच जुनी आहे. गोळाभात आठवा. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा घ्यावा, त्यात हळद, तिखट, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून लिंबाएवढे गोळे वळावेत. तांदूळ अर्धवट शिजून पाणी आटत आले की गोळे भातात खुपसून ठेवावेत आणि झाकण घालून मंद आचेवर वाफ येऊ द्यावी. झाकण काढल्यावर गोळा बोटाने दाबला तर वरून फुटावा आणि आतून ओलसर राहावा. मग भात ताटात वाढायचा, त्यावर गोळा हाताने कुस्करायचा, आणि कढल्यात मोहरी, हिंग, लसूण व सुक्या लाल मिरच्यांची फोडणी करून ते तेल कढत असतानाच चमच्याने वरून सोडायचे. तेल भातावर पडताना चर्र असा आवाज येतो, लसणाचा वास घरभर होतो, आणि त्या क्षणी तुपाची आठवणही कोणाला होत नाही. सोबत चिंचवणी आणि चिरलेला कांदा असावा. हा पदार्थ आपण त्याला येत्या रविवारी करून घाला आणि वरचे तेल आपल्याच हाताने वाढा.

जवसाच्या चटणीचेही तसेच आहे. जवस मंद आचेवर भाजताना तडतडू लागतात, दोन-चार दाणे कढईबाहेर उडतात, मग तडतड मंदावते. तेव्हाच उतरवावेत, त्यापुढे ते कडवट होतात. लसूण, लाल तिखट, मीठ आणि थोडे जिरे घालून कुटलेली ही चटणी भाकरीवर घेऊन वर कच्चे तेल घालून खावी. जवसात ओमेगा-3 जातीची स्निग्धे भरपूर असतात. मासे न खाणाऱ्याला ती मिळण्याचे आपल्याकडचे हे उत्तम साधन आहे. मात्र अख्खे जवस तसेच पोटातून निघून जातात, म्हणून ते कुटूनच खावेत, आणि कुटलेले लवकर खवट होत असल्यामुळे आठवड्यापुरतेच कुटावेत.

ऋतूकडेही लक्ष ठेवा. सध्या पाऊस आहे, तर तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी पाने, शेवग्याचा पाला आणि अंबाडी सहज मिळेल. दिवाळी सरली की हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडता येतील, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा येतील आणि तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, निघतील. सोल्यांची वांगे घालून केलेली भाजी किंवा सोलेभात ज्याने लहानपणी खाल्ला आहे, त्याला पाकिटातल्या वस्तूंची ओढ फार दिवस राहत नाही. वाळवणातल्या खारोड्या आणि मुंगवड्या तर आपल्या डब्यात असतीलच.

आता तब्येतीचा प्रश्न. इथे मी गुळमुळीत लिहिणार नाही. वनस्पतींपासून मिळणाऱ्या आहारात जवळजवळ सगळे मिळते, एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे जीवनसत्त्व ब-12. ते सूक्ष्म जंतू तयार करतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळते. पालेभाजी, डाळ, जवस, मोड आलेली कडधान्ये यांपैकी कशावरही त्यासाठी विसंबता येत नाही. गरज अगदी थोडी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच आहे. शिवाय शरीरात, विशेषतः यकृतात, त्याचा साठा असतो, म्हणून दूध सोडल्यावर कधी कधी दोन-तीन वर्षे काहीच जाणवत नाही. नंतर थकवा, जिभेची आग, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा असे सुरू होते, आणि उशीर झाला तर नसांची झालेली हानी पूर्ण भरून येतेच असे नाही. आपल्या मुलाला दोन वर्षे झाली आहेत. त्याने या महिन्यातच रक्तातील ब-12 तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी. ही गोळी औषधाच्या दुकानात सहज मिळते, ती जंतूंपासूनच तयार होते आणि व्हीगन माणसाला चालते. फक्त काही कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांपासून केलेले असते, तेवढे बघून घ्यावे. माझ्या जवळच्या नात्यातील एका मुलीने 'आपल्या आजी-आजोबांनी कुठे गोळ्या खाल्ल्या' असे म्हणून चार वर्षे हे टाळले आणि पायांची बधिरता घालवायला तिला पुढे वर्षभर इंजेक्शने घ्यावी लागली. आजी-आजोबा ताक पीत होते, हे ती विसरली होती.

आपण वर्धा जिल्ह्यातल्या आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती मुलालाही विचार करायला लावील. गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे 1918-19 च्या मोठ्या आजारपणात शक्ती भरून येईना, तेव्हा त्यांनी शेळीचे दूध घेतले. आपले व्रत पूर्ण पाळता आले नाही याची खंत त्यांना कायम राहिली आणि दुधाची जागा घेणारा वनस्पतिजन्य पदार्थ ते शोधत राहिले. 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी जेवणात सोयाबीनचे प्रयोग करून पाहिले. तेव्हा आपल्या भागात सोयाबीनचे शेत कोणी पाहिलेही नसेल. ब-12 जीवनसत्त्व वेगळे काढता आले ते 1948 साली. म्हणजे दूध सोडणाऱ्याला नेमकी कशाची उणीव पडते याचे पुरते ज्ञान त्यांच्या हयातीत कोणालाच नव्हते. आपल्या मुलाला ते आहे, आणि त्याचा उपयोग न करणे हा हट्ट ठरेल, असे मी म्हणते म्हणून त्याला सांगा.

प्रथिनांची काळजी मात्र आपण वाटते तेवढी करू नये, फक्त वरण दाट करावे. 65 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 54 ग्रॅम प्रथिने लागतात. 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम असतात, पण आपल्या वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम 25-30 ग्रॅम. त्यामुळे दोन्ही वेळा पातळ वरण ओतून भागत नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा डाळकांदा, चून, पाटोडी, मुंगवडी, गोळाभात किंवा बरबटीची (चवळीची) उसळ असावी. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, म्हणून भाकर आणि डाळ एकमेकींच्या सोबतीने खाणे शहाणपणाचे आहे. मूठभर भाजलेले शेंगदाणे म्हणजे आणखी सात-आठ ग्रॅम. कॅल्शियमसाठी साल न काढलेले तीळ आणि शेवग्याचा पाला हे दोन्ही आपल्या हाताशी आहेत. तिळाची चटणी रोज ताटात असू द्यावी. भाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी अधिक लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागते.

चहाचा विषय निघालाच आहे. दूध सोडलेल्या माणसाला गावात सर्वांत अवघड जाते ते जेवण नव्हे, चहा जातो. कोणाच्याही ओसरीवर टेकले की कप पुढे येतो आणि तो परत पाठवणे म्हणजे माणसाला नाकारल्यासारखे होते. गवती चहा, सुंठ आणि गूळ घालून केलेला कोरा चहा मला स्वतःला फार आवडतो, आणि 'माझा कोरा टाका' असे दारातच सांगितले तर कोणी वाईट वाटून घेत नाही. घरी दुधासारखाच चहा हवा असेल तर सोयाबीनचे दूध घरी करता येते. ते कसे करावे हे सविस्तर लिहिते, कारण आपल्या शेतातले सोयाबीन पोत्यांनी बाजार समितीत जाते आणि घरात त्याचा एक दाणा शिजत नाही, हे मला वर्षानुवर्षे खटकत आले आहे.

100 ग्रॅम सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजवावे. सकाळी पाणी टाकून द्यावे, दाणे हाताने चोळून जमतील तेवढी साले काढावीत आणि ते उकळत्या पाण्यात पाच मिनिटे टाकावेत. सोयाबीनचा जो उग्र कच्चा वास अनेकांना सोसत नाही, तो या पाच मिनिटांत बराचसा जातो. मग सुमारे लिटरभर पाणी थोडे थोडे घालत अगदी बारीक वाटावे आणि स्वच्छ सुती कापडातून पिळून गाळावे. गाळलेले दूध मंद आचेवर ढवळत किमान वीस मिनिटे उकळावे. त्यावर फेस भराभर चढतो, म्हणून पातेले मोठे घ्यावे आणि जागचे हलू नये. हे उकळणे कधीही टाळू नये, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निकामी होतात. कापडात उरलेला चोथा टाकू नका; तो नीट परतून थालीपिठात किंवा वड्यांच्या भाजीत घालता येतो. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 5328 रुपये होता. त्या हिशेबाने पाच-सहा रुपयांच्या दाण्यांत लिटरभराच्या आसपास दूध निघते. चहा आधी उकळून, गाळून, किंचित निवू द्यावा आणि मग त्यात गरम केलेले सोया दूध हळूहळू ओतावे; उकळत्या चहात एकदम ओतले तर ते फाटते. याच दुधात लिंबाचा रस घालून, फाडून, फडक्यात बांधून दाबले की मुलगा ज्याला पनीर म्हणतो ते तयार होते.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. पेरणीसाठी आणलेल्या किंवा बुरशीनाशक चोळलेल्या बियाण्यातले उरलेले सोयाबीन चुकूनही खाण्यात घेऊ नये. कितीही धुतले तरी घेऊ नये. खाण्यासाठी लागणारे सोयाबीन मळणी होताच वेगळे काढून ठेवावे.

बाहेरच्या खाण्याविषयी थोडक्यात. बसस्थानकावरचे तर्रीपोहे आणि आलूबोंडा सहसा चालतात. वरची शेव, कांदा, लिंबू यांतही काही अडचण नसते. लग्नाच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी, वरण, भात आणि पुरी ही तेलातलीच असते, पण वरणात वाढण्याआधी तूप सोडले का आणि जिलेबीच्या पिठात दही घातले का, हे आचाऱ्याला आधी विचारावे. पंगतीत बसून वाढप्याशी वाद घालण्यापेक्षा पंधरा मिनिटे आधी मागच्या बाजूला चुलीपाशी जाऊन विचारलेले बरे; आचारी खरे सांगतात आणि बहुतेक वेळा वाटीभर वरण बाजूलाही काढून ठेवतात. दुकानातल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका 'शाकाहारी' एवढेच सांगतो, त्यात दूध असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी 2022 साली स्वतंत्र नियम आले असून त्यांचे चिन्ह वेगळे आहे, त्यात हिरव्या रंगातले 'व्ही' हे अक्षर आणि कोवळे पान असते. खेड्यातल्या दुकानात ते क्वचितच दिसेल, म्हणून बिस्किटाच्या पुड्यावर घटकांच्या यादीत दुधाची भुकटी लिहिली आहे का ते वाचावे.

राहिला पोळा. बैलांचा सण असल्यामुळे त्या दिवशी आपल्या मुलाचे मन खरे म्हणजे अधिकच रमायला हवे. पुरणात डाळ, गूळ, वेलची आणि जायफळच असते. कणीक तेलावर मळावी, त्याच्या वाट्याच्या पोळ्या तव्यावर तेल सोडून भाजाव्यात आणि बरोबर दूध-तुपाऐवजी कटाची झणझणीत आमटी द्यावी. बैलांच्या नैवेद्याचे पान आपल्या रीतीप्रमाणेच करा. त्यावर तूप घालण्याला त्याने हरकत घेऊ नये, असे मी त्यालाही सांगेन. भजी, वडे, वांग्याची भाजी, कोहळ्याची भाजी हे सगळे त्याचेच आहे. आणि शक्य झाले तर त्या दिवशी त्याला स्वयंपाकघरात बोलावून पुरण वाटायला बसवा. जे अन्न आपल्या डोळ्यांसमोर तयार झाले, त्याविषयी त्याला विचारावे लागणार नाही.

दसऱ्यानंतर हरभरा पेरताना कडेने जवसाचे दोन तास (ओळी) टाकायला घरच्यांना सांगा. फाल्गुनापर्यंत घरचे जवस हाती येतील. आणि ब-12 च्या तपासणीचा आकडा आला की मला अवश्य कळवा, मी त्याची वाट पाहते आहे.